आडवं झालेलं कलम वाचतं का? वादळानंतरच्या वाडीबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: श्रीवर्धन तालुक्यात वडिलोपार्जित वाडी आहे, वडील तिथे असतात, प्रश्नकर्ते पुण्यात. परवाच्या वादळी वाऱ्यात हापूसची तीन कलमं मुळांसकट आडवी झाली, एक जुनं कलम बेचक्यात उभं चिरलं, बऱ्याच झाडांच्या फांद्या मोडल्या. चार-पाच माड कलले, काही पोफळी (सुपारीची झाडं) मधूनच तुटल्या. गावात कोणी म्हणतं जेसीबी बोलावून सगळं उभं करा, कोणी म्हणतं लाकूडवाल्याला देऊन टाका आणि नवीन लावा. जखमांना डांबर लावायचं का, खत किती द्यायचं, हेही त्यांनी विचारलं आहे.

सगळ्यात आधी एक काम. वडिलांना आत्ता फोन करा आणि उघडी पडलेली मुळं आजच्या आज झाकायला सांगा. ओलं गोणपाट, त्यावर झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा पालापाचोळा, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. एवढं झालं की बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

घाई यासाठी की झाड पाणी ओढतं ते जाड मुळांनी नव्हे, त्यांच्या टोकांना असलेल्या केसासारख्या तंतुमुळांनी. मेच्या उन्हात ही तंतुमुळं काही तासांत सुकतात. मग झाड कितीही नीट उभं केलं तरी त्याला प्यायला तोंडच उरत नाही. वादळानंतर सगळ्यांचं लक्ष मोडलेल्या फांद्यांकडे जातं, कारण त्या दिसतात. अंगणात पसारा असतो, रस्ता अडलेला असतो, म्हणून पहिल्या दिवशी करवत आणि कोयता बाहेर निघतो. फांद्या आठवडाभर थांबू शकतात आणि झाड ठेवायचं की काढायचं हा निर्णय तर पावसाळा संपेपर्यंत थांबू शकतो. मुळं दोन दिवसही थांबत नाहीत. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हा क्रम आहे.

आता काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो, कारण फोटो न बघता "वाचेल" किंवा "मरेल" असं सांगणारा माणूस अंदाज करतोय असं समजा. पहिलं म्हणजे झाडाचं वय. दहा-बारा वर्षांपर्यंतचं कलम, बुंधा मांडीएवढा, उभं केलं तर बहुतेक वेळा धरतं. पंधरा-वीस वर्षांचं असेल तर एका बाजूची मुळं जमिनीत किती शिल्लक आहेत त्यावर. तीस-चाळीस वर्षांचा मोठा हापूस उभा करण्याच्या फंदात मी सहसा पडत नाही, त्याला दुसरा उपाय आहे, तो पुढे येईल. दुसरं म्हणजे जमीन. कातळात सुरुंग लावून खड्डा केला असेल तर मुळं त्या खड्ड्याबाहेर फारशी गेलेली नसतात, झाड ताटलीसारखा गड्डा घेऊन आडवं होतं. अशा झाडाची मुळं तुटण्यापेक्षा उपटली जास्त जातात, ते उभं करायला सोपं, पण पुढच्या वाऱ्यात पुन्हा पडायलाही सोपं. भुसभुशीत वाडीच्या जमिनीत उलट, मुळं लांब गेलेली असतात आणि पडताना तटातट तुटतात.

तिसरं म्हणजे वादळ कोणत्या महिन्यात आलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पाठोपाठ पाऊस सुरू झाला. १६ मे २०२१ ला तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही पावसाळा दोन-तीन आठवड्यांवर होता. अशा वेळी उभ्या केलेल्या झाडाला चार महिने ओल मिळते, हवेत दमटपणा असतो, पानांतून पाणी कमी जातं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं त्यानंतर मात्र पुढे सात महिने कोरडे होते, आणि ज्यांच्याकडे पाण्याची सोय नव्हती त्यांची उभी केलेली कलमं उन्हाळ्यात वाळली. तुमचं वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आलंय, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

काम सुरू करण्याआधी जिवाची काळजी. विजेच्या तारेवर किंवा तारेखाली पडलेल्या झाडाला वायरमन येऊन लाइन बंद असल्याचं सांगेपर्यंत कोणी हात लावू नये. दुसरा धोका पुष्कळांना माहीत नसतो. मुळांचा गड्डा घेऊन आडव्या झालेल्या झाडाचा बुंधा तुम्ही कापला की वजन सुटतं आणि तो गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्या वेळी खड्ड्यात उतरून कोणी मुळं साफ करत असेल, किंवा पोरं तिथे खेळत असतील, तर ती दबून जातात. बुंधा कापायचा असेल तर खड्डा रिकामा आहे हे स्वतः बघून मगच करवत चालवा. वाकून दबलेल्या फांदीतही तसाच ताण असतो, ती कापताच उसळते. वडील एकटे असतील तर हे काम त्यांनी करू नये, अनुभवी माणूस बोलवा.

आणि करवत लावण्याआधी पंचनामा. तलाठी, कृषी सहायक येऊन बघून जाईपर्यंत प्रत्येक पडलेल्या झाडाचे फोटो काढून ठेवा: एक लांबून, ज्यात घर किंवा गडगा (वाडीचा दगडी बांध) ओळखू येईल असा, आणि एक मुळांचा जवळून. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का तेही तपासा, नसेल तर भरपाईच्या वेळी त्रास होतो. आंबा आणि फणस ही झाडं १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा उभं झाड परवानगीशिवाय तोडू नका आणि पडलेल्याचं लाकूड वाडीबाहेर जाऊ देण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. लाकूडवाला "मी सगळं बघतो" म्हणतो, पण जमीन तुमच्या नावावर आहे.

आता तुमची तीन आडवी कलमं. प्रत्येकाच्या मुळांकडे बसून नीट बघा. पडलेल्या झाडाला दोन बाजू असतात. वाऱ्याकडची मुळं हवेत उघडी दिसतात, ती बहुतेक तुटलेली असतात. खालच्या बाजूची, म्हणजे झाड ज्या दिशेला पडलं त्या बाजूची मुळं जमिनीत दुमडलेली असतात, पण पुष्कळदा शाबूत असतात. झाड वाचतं ते या दुसऱ्या बाजूच्या जोरावर. निम्म्याहून अधिक मुळं जमिनीत असतील तर प्रयत्न करायचाच. सगळी तुटून नुसतं सोटमुळाचं खुंट उरलं असेल तर मी मोह धरणार नाही.

जेसीबीबद्दल माझा आक्षेप यंत्राला नाही, ते चालवण्याच्या घाईला आहे. बकेट थेट बुंध्याला लावून ढकललं की साल चुरते आणि सालीखालचा रस वाहणारा थर मरतो. तो थर बुंध्याभोवती सगळीकडून तुटला तर झाड उभं राहून वाळतं. शिवाय झटक्याने उचललं की खालच्या बाजूची शाबूत मुळंही जातात, म्हणजे जी वाचवायची तीच तोडली. जेसीबी वापरायचाच तर बुंध्याला गोणपाटाचे चार-पाच वेढे द्या, त्यावर रुंद पट्टा बांधा, साखळी किंवा वायररोप नको. उचलणं इंचाइंचाने. झाड लहान असेल तर शेजारच्या भक्कम झाडाला तसंच गोणपाट गुंडाळून चेन-पुली बांधा, चार माणसांत काम होतं आणि ते जास्त हळुवार होतं.

उचलण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. वजन कमी करण्यासाठी फांद्यांचा सुमारे तिसरा हिस्सा काढा, आधी मोडलेल्या, मग आत दाटी करणाऱ्या. मुळं जेवढी गेली तेवढा वरचा भार हलका करायचा, पण निम्म्यापेक्षा जास्त पाला कधीही काढू नका, कारण नवीन मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच तयार करतात. दुसरं, फाटलेली, चिंध्या झालेली मुळं धारदार करवतीने स्वच्छ कापा. तिसरं, मुळांचा गड्डा जिथे परत बसणार तो खड्डा मोकळा करा. वादळात आत माती आणि दगड पडलेले असतात. ते न काढता झाड उभं केलं की गड्डा उंच राहतो आणि खाली पोकळी राहते, त्या पोकळीत पाणी साचून मुळं कुजतात.

उभं करताना अगदी सरळ करायचा हट्ट नको. थोडं कललेलं राहिलं तरी आंब्याला काही फरक पडत नाही, नवीन फांद्या आपोआप वर वळतात. माती भरताना पायाने दाबा आणि पाणी सोडून बसवा. कलमाचा जोड मातीत गाडला जाणार नाही हे बघा. बुंध्याला मातीची रास लावली की साल ओली राहून कुजते. मग तीन बाजूंनी ताण द्या: बुंध्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, त्याला दोर, दोर जमिनीत तिरक्या ठोकलेल्या खुंट्यांना. दोर थोडा सैल हवा. झाड वाऱ्यात जरासं हललं तर मुळं जाड होतात, घट्ट आवळलेलं झाड आळशी राहतं. दर दोन महिन्यांनी पट्टा तपासा, बुंधा जाड होताना तो सालीत रुततो. वर्ष-दीड वर्षाने ताण काढून टाका.

तीनपैकी एखादं झाड मोठं आणि जुनं असेल तर त्याला पडल्या जागीच राहू द्या. पुष्कळ लोकांना हे पटत नाही, पण कोकणात आडव्या खोडावर वर्षानुवर्षं आंबा देणारी झाडं मी पाहिली आहेत. मुळांच्या बाजूला माती आणि पाला यांचा चांगला भर द्या, बुंध्याखाली जांभ्याचे चिरे रचून टेकू द्या, म्हणजे उरलेल्या मुळांवर ओढ येणार नाही. जमिनीत घुसलेल्या फांद्या काढा. वरच्या बाजूच्या सालीला चुना लावा, कारण इतकी वर्षं सावलीत असलेली साल एकाएकी उन्हात आली की भाजते आणि भाजलेल्या ठिकाणी किडा शिरतो. उभ्या केलेल्या झाडांच्या उघड्या पडलेल्या फांद्यांनाही हाच चुना. पुढे खोडावर धुमारे फुटतात. त्यातले दोन-तीन अंतर ठेवून राखा, बाकीचे खुडा. कलमाच्या जोडाखालून आलेला धुमारा रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचा, असतो, तो एरवी काढायचा. पण वरचं झाड मेलंच, तर तोच धुमारा सोनं आहे: त्याची मुळं जुनी, खोलवर गेलेली, आणि त्यावर पावसाळ्यात जागेवरच हापूसची काडी बांधता येते. असं झाड नवीन लावलेल्या रोपापेक्षा लवकर हाताशी येतं.

चिरलेलं कलम. चीर ताजी असेल, लाकूड ओलं असेल आणि चीर बेचक्यापासून वीतभरच खाली गेली असेल, तर चेन-पुलीने दोन्ही फांद्या जवळ आणून आरपार भोक पाडून आट्यांची सळई, दोन्ही टोकांना मोठा वॉशर आणि नट, असं जोडता येतं. बाहेरून दोर गुंडाळू नका, तो पुढे झाडाचा गळा आवळतो. पण हे पहिल्या एक-दोन दिवसांतलं काम आहे. आता चिरेत पाणी, माती गेली असेल आणि कडा सुकल्या असतील तर दोन्हीपैकी कमजोर फांदी काढून टाका आणि चीर पाणी साचणार नाही अशी तिरकी, स्वच्छ करून घ्या. चीर बुंध्यात खोल उतरली असेल आणि झाड घराच्या किंवा वाटेच्या बाजूला असेल, तर ते काढण्याच्या मताचा मी आहे. आंब्यासाठी माणूस पणाला लावायचा नसतो.

मोडलेल्या फांद्या. आधी वर अडकून लोंबणाऱ्या काढा, त्या कधीही खाली येतात. जाड फांदी कापताना तीन काप घ्या: खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट. हा शेवटचा काप महत्त्वाचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगवटा, वळीसारखा, दिसतो. काप त्या वळीच्या लगेच बाहेर हवा. वळी खरवडून खोडाशी सपाट कापलं तर जखम मोठी होते, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून कुज आत नेतो. माणसाची जखम नवीन मांस येऊन भरते, झाडात तसं होत नाही. ते कुजलेला भाग आत कोंडून घेतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं चिरून ही रचना दाखवली. ती वळी म्हणजे झाडाचं कोंडण्याचं हत्यार, म्हणून ती राखायची.

याच कारणाने डांबर नको. डांबर किंवा ऑइलपेंटने कुज थांबत नाही, उलट आत ओल कोंडते आणि आपण निश्चिंत होतो. आमच्या पावसात मात्र मोठ्या जखमा तशाच सोडाव्यात असंही मी म्हणणार नाही, कारण बुरशीला इथे चार महिने रान मोकळं असतं. अंगठ्यापेक्षा जाड कापाला बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, वेगवेगळे विरघळवून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी अजिबात नको. झाल्यावर लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. मलम त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की उपयोग जातो.

फांद्या काढताना एक मोह टाळा: "आता आलोच आहोत तर सगळंच छाटून टाकू." वादळानंतर पुष्कळ झाडांची पानं खाऱ्या वाऱ्याने करपून तपकिरी होतात, झाड जळाल्यासारखं दिसतं. समुद्राकडच्या बाजूला हे जास्त. फांदीची साल नखाने खरवडा, खाली हिरवं आणि ओलं असेल तर फांदी जिवंत आहे, ती नवी पालवी देईल. पानांवर बघून फांद्या तोडू नका.

भिरूड हा विषय मला जास्त काळजीचा वाटतो, कारण वादळातून वाचलेली झाडं पुढच्या दोन वर्षांत याने जातात. भिरूड म्हणजे आंब्याचा खोडकिडा, लांब मिशांचा करडा भुंगा. तो पावसाळ्यात दुबळ्या झाडाच्या सालीतल्या भेगेत, जखमेत अंडी घालतो. अळी आत बोगदा करत जाते. बाहेरून दिसतो तो फक्त बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा, कधी सालीवर चिकट काळपट ओघळ. महिन्यातून एकदा वडिलांनी प्रत्येक जखमी झाडाभोवती फिरून बुंध्याजवळचा पाला बाजूला करून बघावं. भुसा दिसला की वरचं भोक शोधायचं, सालीचा तेवढा भाग पटाशीने उघडायचा, तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढायची. ती बोटाएवढी, पिवळट पांढरी असते. मग कृषी सहायकाने सांगितलेल्या कीटकनाशकाचा बोळा भोकात घालून चिखलाने लिंपायचं. ओला भुसा म्हणजे अळी आत चालू आहे, कोरडा जुना भुसा म्हणजे कदाचित निघून गेली.

खत या पावसाळ्यात देऊ नका, निदान युरिया तरी नाही. मुळं नसलेल्या झाडाला रासायनिक खत दिलं तर ते घेणार कोण? ते मातीत क्षार वाढवून उरलीसुरली तंतुमुळं भाजतं. पाल्याचं आच्छादन पुरे. नवी पालवी येऊन निबर झाली की पुढच्या वर्षी थोडं शेणखत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार घालणारा माणूस दरवर्षीप्रमाणे वाडीत येईल, त्याला ही झाडं दाखवून बंदी करा. कल्टार वाढ रोखून मोहोर आणतं, आणि या झाडांना आता वाढच हवी आहे. कल्टार न घालताही पुढच्या हंगामात एखादं जखमी झाड भरभरून मोहोरेल. घाबरलेलं झाड असं करतं. तो मोहोर खुडून टाका. एक वर्ष फळ घेऊ नका.

वडिलांना फोनवर सांगायला इथवरचं सोपं करून देतो. आज: मुळं झाकणं, तारांपासून लांब राहणं, फोटो. या आठवड्यात: पंचनामा, लोंबत्या फांद्या, लहान कलमं हळू उभी करून ताण देणं, चुना आणि बोर्डो मलम. पावसाळाभर: दर महिन्याला भुसा तपासणं, खत-कल्टार बंद. ठेवायचं की काढायचं: ऑक्टोबरचं ऊन निघून गेल्यावर. हे शेवटचं मुद्दाम. मुळं मेलेलं झाडही खोडात साठवलेल्या अन्नावर जुलैत सुंदर लाल पालवी फेकतं, सगळे खूश होतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती पालवी एका आठवड्यात माना टाकते. ज्याची पालवी ऑक्टोबर पार करून निबर झाली ते झाड लागलं.

आता माड. इथे आंब्याचे नियम विसरायचे. माडाला सालीखालचा वाढणारा थर नसतो, म्हणून खोडाची जखम कधी भरत नाही, खिळा ठोकला तर भोक कायमचं. वाढीची जागा एकच, शेंड्यातला कोंब. म्हणून आधी पाडेल्याला वर पाठवून मधली सुई, म्हणजे न उमललेलं कोवळं पान, बघायला सांगा. ती हिरवी, ताठ असेल तर माड जिवंत आहे. हाताने ओढताच निघून आली आणि घाण वास आला तर कोंब कुजला. नुसती कडा कुजली असेल तर तेवढा भाग खरवडून बोर्डो लावून वाचतो, गाभा गेला असेल तर माड गेला. मूळ मात्र माडाला बुंध्यातून नवीन फुटतं, त्यामुळे कललेल्या माडाच्या बुंध्याला मातीचा भर देणं हा उत्तम उपाय, जो आंब्याला वर्ज्य सांगितला. लहान माड उभे करून लाकडी टेकू द्या. उंच माड कललेलाच राहू द्या, बुंध्याशी भर द्या, शेंडा स्वतः वर वळतो. घरावर किंवा वाटेवर कललेला असेल तरच काढा. हिरव्या झावळ्या तोडू नका. उत्पन्न दोन-तीन वर्षं कमी येईल, कारण आज बाहेर पडणाऱ्या पोयीची, म्हणजे फुलोऱ्याची, सुरुवात शेंड्यात दोन-अडीच वर्षांपूर्वी झालेली असते. तेवढ्यावरून माड वाया गेला असं समजू नका.

पडलेले माड वाडीत कुजत ठेवू नका, हे मी फार आग्रहाने सांगतो. गेंड्या भुंग्याची अळी कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात वाढते. निसर्गनंतर कित्येक वाड्यांत खोडं तशीच पडून होती, आणि उभ्या माडांच्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसू लागले, ती या भुंग्याची खूण. खोडं फाळून वाळवा, वासे-फळ्या करा, सरपणाला द्या. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळली तर अळ्या मरतात. उभ्या माडांच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरून ठेवा. खोडाला जखम असलेल्या माडावर सोंड्या भुंगा येतो, तो जास्त घातक, त्याच्यासाठी कामगंध सापळा (वासाने भुंगे ओढून पकडणारा) लावा, पण वाडीच्या कडेला, मधोमध नाही.

मधून तुटलेली पोफळ संपली, तिला फुटवा येत नाही. ती काढताना खालची लहान रोपं तुडवली जाणार नाहीत हे गड्यांना बजावा, उद्याची वाडी त्या रोपांत आहे. उभ्या राहिलेल्या पोफळींचा प्रश्न वेगळा. शेजारणी गेल्यामुळे दुपारचं नैऋत्येचं ऊन थेट खोडावर येतं, खोड भाजून तडकतं आणि काही वर्षांनी तिथूनच मोडतं. त्या बाजूला खोडाला झाप बांधा किंवा चुना लावा. रिकाम्या जागेत या पावसाळ्यात केळी लावा, वर्षभरात सावली तयार होते, मग त्या सावलीत सुपारीची रोपं. वादळानंतर रोपांचा तुटवडा होतो आणि कसलीही रोपं श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची म्हणून विकली जातात. तुमच्या तर गावाजवळच, श्रीवर्धनला, कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे आधी नाव नोंदवा. माडासाठी रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र.

आंब्याच्या रिकाम्या जागी लगेच मोठं पिशवीतलं कलम आणू नका. पिशवीत फार दिवस राहिलेल्या कलमाची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात, ती तशीच लावली तर झाड वर मोठं होतं आणि खाली धरत नाही, वाऱ्यात सगळ्यात आधी तीच झाडं आडवी होतात. शक्य असेल तिथे रायवळची कोय जागेवर लावून पुढे तिच्यावरच हापूसची काडी बांधा. दोन वर्षं उशीर होतो, पण सोटमूळ सरळ खाली जातं.

तुमच्या तीन कलमांबद्दल नेमकं सांगायचं तर मला तीन फोटो लागतील: मुळांची उघडी बाजू, झाड ज्या दिशेला पडलं त्या बाजूने बुंधा जमिनीला मिळतो ती जागा, आणि कलमाचा जोड. जोडापाशी काडेपेटी ठेवून फोटो काढायला सांगा, म्हणजे बुंध्याची जाडी कळेल. झाडाचं वय, खाली कातळ आहे की माती, आणि मुळं कोणत्या दिवशी झाकली, एवढं त्यासोबत लिहा.